पराते बाईंनी पुसलेला दाग

दुकानात पराते बाई एका जागी बसलेल्या मी फक्त त्यांच्या डेस्कसमोर पाहिल्या. एरवी ही बाई बसायचीच नाही. चहा उभ्याने, डबा उभ्याने, मालकांची बोलणीसुद्धा उभ्यानेच खायची आणि तीही एक पाय दुकानाबाहेर ठेवून. एखाद्या गिऱ्हाइकाने "बसा ना बाई" म्हटलं की म्हणायच्या, "बसली की मले मुंग्या येतात, बावा. तुमीच बसा." सक्करदऱ्यातलं त्यांचं घर आमच्या स्टुडिओपासून दोन मैल होतं. ते अंतर त्या अशा कापायच्या की मागून सायकलवर येणारा मी घंटी वाजवायचो ती त्यांनी बाजूला व्हावं म्हणून नव्हे, जरा हळू चालावं म्हणून.

त्या आमच्या फोटो स्टुडिओत रिटचिंग करायच्या. मी डार्करूममध्ये होतो, निगेटिव्हवरून कॉपी काढायचं काम माझं. आज सगळं यंत्रात होतं म्हणून सांगतो, त्या वेळी माणसाचा फोटो काढल्यावर तो तसाच्या तसा कुणी देत नसे. खिडकीपाशी बाईंचं उतरतं डेस्क होतं. मध्ये काच, खाली आरसा, वरून काळं कापड. आरशातून आभाळाचा उजेड काचेवर यायचा, त्यावर निगेटिव्ह ठेवून बाई पेन्सिल चालवायच्या. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल फिरते तिथे कागदावर उजळ उमटतं. सुरकुती भरली की सुरकुती गेली, देवीचा वण भरला की वण गेला. पेन्सिल पॉलिशपेपरवर घासून त्या दोन इंच लांब टोक काढायच्या, अगदी सुईसारखं. ते कुणाच्या धक्क्याने मोडलं तर त्या दिवशी दुकानात कुणी मोठ्याने खोकतसुद्धा नसे.

बाई कोष्ट्याच्या घरच्या. लहानपणी मागाशेजारी बसून कांड्या भरायच्या आणि तुटलेला धागा असा जोडायच्या की बापाला गाठ सापडायची नाही. "तेच काम करून राहिली मी," त्या म्हणायच्या. "तवा लुगड्याचं, आता तोंडाचं."

गंमत म्हणजे रस्त्यात त्यांना माणूस ओळखू येत नसे. समोरून येऊन कुणी हात जोडले की त्या कपाळाला आठ्या घालून बघत राहायच्या. मग एकदम, "अं! डाव्या गालावर खड्डा!" असं म्हणायच्या. त्या माणसाला वाटायचं, बाईंना चक्कर आली. त्यांच्या डोक्यात अर्धं नागपूर उलटं, काळ्या तोंडाचं आणि पांढऱ्या केसांचं भरलेलं होतं.

त्यांचं एक तत्त्व होतं, निदान पुरुषांच्या बाबतीत. बँकेतला एक कारकून आला होता. तोंडभर देवीचे वण. म्हणाला, "बाई, सारे काढून टाका. हिरो दिसलो पायजे." बाईंनी सारे काढले आणि दोन ठेवले, एक नाकावर, एक हनुवटीवर. तो भडकला. बाई उभ्या उभ्याच म्हणाल्या, "सारेच काढले तं तुह्या मायले वळखू येनार नाही. घरात घेईन का थे तुले?" तो हसला आणि फोटो घेऊन गेला. पुढे त्याने लग्नाचे फोटोही आमच्याकडेच काढले.

दुसरी गोष्ट शोकेसची. दाराशी काचेचं शोकेस होतं, त्यात बाईंच्या हातचे चांगले चांगले फोटो लावायची मालकांना हौस. ज्याचा फोटो, त्याला विचारायचं असतं हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. एक इसम रोज पाच वाजता यायचा आणि एका मुलीच्या फोटोसमोर विडी ओढत उभा राहायचा. चार दिवस बाईंनी बघितलं. पाचव्या दिवशी त्याला आत बोलावलं, स्टुलावर बसवलं, दोन्ही लाइट लावले आणि मालकांकडून त्याचा फोटो काढून घेतला. तो खूश. दुसऱ्या दिवशी मुलीच्या जागी त्याचा फोटो, एवढा मोठा केलेला, आणि बाई दारात उभ्या. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "हे साहेब रोज पाह्याले येत होते. आता आपण त्याईले पाहू." दोन दिवसांत तो इसम गयावया करत आला. "बाई, काढा ना ते. लोक हासून राहिले." बाईंनी काढला. आम्ही पोट धरून हसत होतो. त्या मात्र संध्याकाळी डबा बांधताना म्हणाल्या, "जीव कसा घाबरला त्याचा, नाही? अन् त्या पोरीले तं मालूमही नोहतं." मला तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नाही. फोटो म्हणजे फोटो, त्यात जीव घाबरायचं काय, असं माझं पंचविशीतलं शहाणपण होतं.

आता एक दुकानदारी पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. प्रत्येक फोटोच्या मागे आम्ही शिक्का मारायचो आणि निगेटिव्हचा नंबर लिहायचो. जास्तीची कॉपी हवी असली की माणूस नंबर घेऊन येई. मी पेटीतून निगेटिव्ह शोधायचो आणि कॉपी काढून द्यायचो. कोण आलंय, कुणाचा फोटो नेतोय, हे विचारायची रीत नव्हती. नंबर आणला की कॉपी. साऱ्या शहरात हीच पद्धत होती, आणि आम्हाला ती सोय वाटायची.

शालिनी गावंडे तिच्या आईबरोबर आली, ते साल सत्तरच्या पुढेमागे असेल. नंदनवनकडे राहायचे ते लोक, शेती उमरेडकडे. वडील नामदेवराव गावंडे शेती बघून शहरात नोकरी करायचे. मुलगी मास्तरकीच्या ट्रेनिंगला होती, आणि एकीकडे स्थळं बघणं चालू होतं. तिच्या डाव्या भुवईवर बोटाच्या पेराएवढा दाग होता. लहानपणी शेतात विळा लागला होता. आई बाईंच्या कानाशी लागली, "बाई, तेवढा दाग घालवा. पोरगी गोरीगोमटी आहे, पण पाहणाऱ्याची नजर तेथंच जाते."

शालिनी स्टुलावरून म्हणाली, "राहू द्या ना. तो तर आहेच."

"तू गप राह्य वं," आई म्हणाली.

पुरुषांच्या वणांवर भाषण देणाऱ्या आमच्या बाई, पण या वेळी आईच्या बाजूला गेल्या. "लगन होऊ दे पोरी, मंग नवऱ्यालेच दाखव तो दाग." आम्ही सगळे हसलो. शालिनी हसली नाही, पण तिच्याकडे कोण बघतंय? बाईंनी त्या निगेटिव्हवर पूर्ण दुपार घातली. कपाळ असं आरशासारखं निघालं की मालकांनी त्याची एक मोठी कॉपी शोकेसमध्ये लावली. बाईंनीही आपलं काम दोनदा बाहेर जाऊन बघितलं. त्यांना स्वतःच्या हाताचा अभिमान होता, आणि का नसावा?

महिनाभराने एक माणूस आला. टेरिकॉटचा शर्ट, भांग नीट पाडलेला, उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं. चिठ्ठीवर नंबर. "मी मुलीचा आतेभाऊ. एक कॉपी कमी पडली, गावाकडे पाठवायची आहे." मी दहा मिनिटांत कॉपी काढून दिली. वर बटरपेपरही गुंडाळला. तो थँक्यू म्हणाला. त्या दिवसांत थँक्यू म्हणणारं गिऱ्हाईक क्वचितच भेटायचं, म्हणून तो माझ्या लक्षात राहिला.

त्यानंतर शालिनीचं लग्न ठरलं, तेही नुसता फोटो पाहून; मुलीला समोर बघणं साखरपुड्यालाच व्हायचं होतं. मुलाचे मामा लकडगंजात लाकडाची टाल, म्हणजे वखार, चालवायचे, मोठं प्रस्थ. साखरपुड्याला आठ दिवस असताना टालेवर पाकीट आलं. आत एक फोटो आणि बिननावाची चिठ्ठी. फोटोत तलावाच्या काठावर एक जोडपं बसलेलं, पुरुषाचा हात बाईच्या खांद्यावर, आणि बाईचं तोंड शालिनीचं. चिठ्ठीत जे लिहिलं होतं ते मी इथे लिहिणार नाही. तसलं पाकीट गावंडेंच्या घरीही पोचलं होतं. नामदेवरावांनी त्याच दिवशी मुलीचं ट्रेनिंग बंद केलं. तिला त्यांनी काही विचारलंसुद्धा नाही.

लग्नासाठी दिलेल्या फोटोमागे आमचा शिक्का होता, म्हणून मामांनी आमच्या मालकांना बोलावणं धाडलं. मालकांनी बाईंना आणि मला बरोबर घेतलं. मी निगेटिव्हची पेटी धरून. वाटेत मालक एकच वाक्य घोटत होते, "एवढंच सांगायचं, हा फोटो आमचा नाही. रिटचिंगचं नाव काढायचं नाही. सारी दुकानदारी त्याच्यावर चालते, समजलं का बाई?" बाई आमच्यापुढे दहा पावलं चालत होत्या.

टालेवरच्या बैठकीत मामा, मुलाची आई, नामदेवराव आणि कोपऱ्यात शालिनी. तिने पदर कपाळावर ओढून घेतला होता. मामा तो फोटो सगळ्यांना परत परत दाखवत होते. बाईंनी तो त्यांच्या हातातून घेतला, पिशवीतून भिंग काढलं, खिडकीशी जाऊन एकदा बघितला आणि परत आणून गादीवर पालथा ठेवला. मामांनी उचलायला हात घातला, तर बाईंनी त्यावर तळवा ठेवला. "झालं पाहून. किती वेळा पाह्यता?"

"पोरगी आमच्या घरात येऊन राहिली बाई, आमी पाहाव नाही तं कोण पाहाव?"

"हे पोरगी नोहे," बाई म्हणाल्या. "हे कापून चिकटवलं आहे अन् वरून परत फोटो काढला आहे. माणसावर उजेड इकडून, तोंडावर तिकडून. दोन सूर्य होते का त्या दिवशी?"

मालक लगेच म्हणाले, "हाव, बनावट आहे. आमचा नाही. चला."

मामा काही लेचेपेचे नव्हते. "उजेडाचं आमाले काय समजते? तुमी त्याईच्या वळखीच्या, तुमी तं म्हणालच. पक्कं दाखवा."

मी बाईंच्या शेजारी उभा होतो. मला माहीत होतं पक्कं काय आहे, आणि मालकांनाही माहीत होतं, कारण त्यांनी माझ्या दंडाला धरलं. बाईंनी माझ्या हातातली पेटी उघडली, निगेटिव्ह काढलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं.

"हे आमचं निगेटिव्ह. या पोरीच्या भुवईवर दाग आहे. तो मी पुसला. ही पाहा माही पेन्सिल, स्वल्पविरामासारखी बारीक बारीक फिरते, दुसऱ्या कोणाची फिरत नाही. आता तुमच्या फोटोत पाहा. तेथंही दाग नाही. तळ्याच्या काठी बसल्या पोरीचा दाग कोण पुसंल? हे तोंड तळ्यावरचं नाही. हे माह्या टेबलावरचं आहे."

शालिनी उठली. कुणी सांगितलं नव्हतं. खिडकीपाशी आली आणि पदर मागे केला.

क्षणभर मला वाटलं, जिंकलो. मग मुलाची आई म्हणाली, "म्हंजे दाग होता? अन् आमाले बिनादागाचा फोटो दाखवला? फसवलं आमाले!"

मालकांनी कपाळावर हात मारला. नामदेवराव खाली बघत राहिले. मामांनी सोयरीक तिथेच मोडली, फक्त आता कारण वेगळं होतं. बाई तरी थांबेनात. "मोडा. पण आधी म्हणा, हा फोटो खोटा आहे. ह्या बापासमोर म्हणा." मामा चिडले, पण माणूस हिशोबाला सच्चा होता. म्हणाले, "खोटा आहे. दिसते आहे खोटा."

"अन् हे आंग कोणाचं?" बाई म्हणाल्या. "कोणाची तरी बायको आपल्या नवऱ्यासंगं सुखानं बसली होती. तिचं मुंडकं कापून फेकलं. तिचं तं कोणी इचारूनही नाही राहिलं."

उठता उठता मामांनी मालकांना विचारलं, "तोंड तुमच्या दुकानातून बाहेर गेलं कसं?"

मालक म्हणाले, "शोकेसमधून कोणी काढलं असंल."

शोकेसमधली कॉपी तिथेच होती. सकाळी मीच तिच्यावरची धूळ पुसली होती. माझ्या डोळ्यांसमोर तो टेरिकॉटचा शर्ट आला, ते काळं नख आलं, आणि मी पेटीचं झाकण लावू लागलो. नोकरी जाईल ही भीती होती. पण खरं सांगायचं तर लाज जास्त होती. मी बोललो नाही.

टालेबाहेर आल्यावर बाई शालिनीच्या पाठीवर हात ठेवायला गेल्या. ती बाजूला झाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "बाई, मी म्हटलं होतं, राहू द्या." तेवढंच. आयुष्यात पहिल्यांदा पराते बाईंना मी रस्त्यात उभं राहिलेलं पाहिलं. बैलगाडीवाला ओरडला तेव्हा त्या हलल्या.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी नंदनवनला जायला सुरुवात केली. नामदेवरावांच्या ओसरीवर जाऊन उभ्या राहायच्या. "पोरीले कालेजात धाडा." ते म्हणायचे, "चारचौघांनी पाह्यला तो फोटो बाई. लोक काय म्हणतीन?" बाई म्हणायच्या, "ज्यानं केलं त्याले घरात कोंडा. हिले काहून?" पोलीस चौकीत जाऊ, असंही त्या म्हणाल्या. त्यावर नामदेवरावांनी हात जोडले. "चौकीत तो फोटो अजून धा हातातून जाईन. माह्यानं नाही होणार." बाई शालिनीकडे वळल्या. "तुले काय वाटते?" शालिनीने बापाकडे बघितलं आणि नको म्हणून मान हलवली. बाईंनी तो विषय सोडला, पण कॉलेजचा सोडला नाही. पंधरवड्याने नामदेवराव कंटाळले की वितळले, कोण जाणे, म्हणाले, "एकटी नाही जाऊ देत." तर बाई रोज सकाळी सक्करदऱ्याहून नंदनवनला जायच्या, शालिनीला कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडायच्या आणि मग दुकानात यायच्या. पूर्ण एक टर्म. मालक बडबडायचे. बाई ऐकायच्याच नाहीत. शालिनी पास झाली, मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली, पुढे स्वतःच्या पसंतीने लग्नही केलं. मंडपात फोटोवाला नको, अशी तिची एकच अट होती.

दुकानात बाईंनी नवीच कटकट सुरू केली. शोकेसमधले मुलींचे सगळे फोटो उतरवले. कॉपी हवी तर ज्याचा फोटो त्याने स्वतः यायचं. बाप भांडायचे, "माह्या पोरीचा फोटो, थे कायले याले पायजे?" बाई म्हणायच्या, "तोंड तिचं आहे ना, भाऊ?" आणि पेन्सिल लावायच्या आधी आईला बाहेर बसवून मुलीला विचारायच्या, "काढू का ठेवू?" काही मुली काढा म्हणायच्या, काही ठेवा. एक म्हणाली, "बाई, मी विचार करून उद्या सांगते." बाईंना केवढा आनंद झाला होता! दिवसभर ते सांगत होत्या.

मला तो प्रत्येक नवा नियम माझ्याकडे बोट दाखवल्यासारखा वाटायचा. ज्याने ते केलं त्याच्याकडे त्या बनावट फोटोचं निगेटिव्ह असणारच, आणि निगेटिव्ह असलं की कॉपी कितीही निघतात, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पोस्टमन दिसला की मी डार्करूममध्ये जाऊन दार लावून घ्यायचो. एकदा बाईंनी पेन्सिल घासता घासता, वर न बघता विचारलं, "वामन, तुले काही सांगाचं आहे का?"

"नाही, बाई," मी म्हणालो.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि टोकावर फुंकर मारली.

मग रंगीत फोटो आले, पेन्सिलीचं काम सरलं. तोवर बाईंचे डोळेही गेले होते. तीस वर्षं काचेतून उजेडाकडे बघून दुसरं काय होणार? प्रकरणाला नऊ वर्षं झाली होती तेव्हा त्यांनी दुकान सोडलं. जाताना डेस्क मला देऊन गेल्या. मी त्याच्यासमोर कधी बसलो नाही.

आणखी दोन वर्षांनी, भर दुपारी, शालिनी दुकानात आली. आता ती शालिनीबाई होती. शाळेची मुख्याध्यापिका म्हणून तिचं नाव पुढे आलं होतं, आणि शाळेच्या मंडळाकडे पाकीट आलं होतं. तोच फोटो, तोच तलाव, कागद मात्र नवा. "पराते बाई कुठे राहतात?" तिने विचारलं. मी दुकान बंद केलं आणि तिला घेऊन गेलो.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मोतीबिंदूने डोळे दुधाळ झालेले. फोटो हातात घेतला, पण बघायचा प्रयत्नही केला नाही. "आता काय करायचं वं?" त्यांनी विचारलं.

"चौकीत जायचं," शालिनी म्हणाली. "तेव्हा बाबा नको म्हणाले. आता बाबा नाहीत, आणि मी नको म्हणत नाही."

"चाल," बाई म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

चौकीतला फौजदार तरुण होता, बरा होता. त्याने शालिनीचा जबाब लिहिला, मग बाईंचा. बाईंनी दागाचं, पेन्सिलीचं, टालेवरचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आजी, तुमाले तं दिसत नाही. मंग सांगता कशा?"

"दिसत होतं तवाच सांगतलं होतं, साहेब. चारचौघांत. आता फक्त लिहून घेणं तुमच्याकडं आहे."

त्याने मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. तोच, जो अकरा वर्षांपूर्वी मामांनी विचारला होता. "मूळ फोटो दुकानातून बाहेर गेला कसा?"

बाई बाकावर ताठ बसून होत्या, तोंड समोर. पंखा कुरकुरत होता. मला आजही कळत नाही, कुठून आलं ते बळ. मी म्हणालो, "साहेब, मी दिला." आणि सगळं सांगितलं. चिठ्ठी, नंबर, टेरिकॉटचा शर्ट, उजव्या अंगठ्याचं काळं नख, बटरपेपर, थँक्यू.

शालिनी माझ्याकडे वळली. "नख काळं? उजव्या हाताचं?" तिने खुर्चीची पाठ धरली. "तो मला पाहायला आला होता. बाबांनी नकार कळवला. माझा फोटो परत द्यायला तो स्वतः आला होता घरी. मीच घेतला त्याच्या हातातून. मागचा नंबर तेव्हाच उतरवून घेतला असणार त्याने." तिने नाव सांगितलं, गाव सांगितलं, तो कुठल्या छापखान्यात फोटो कापून-जोडून छपाईचे ब्लॉक करायचा तेही सांगितलं. फौजदार लिहीत गेला. लिहिता लिहिता म्हणाला, "म्हणजे हे तेव्हाच कळलं असतं तर..." आणि माझ्याकडे बघून वाक्य तसंच सोडलं. तिने माझ्याकडे परत बघितलं नाही. तिच्या जागी मीही बघितलं नसतं.

बाई उठल्या. मी त्यांच्या मागे पायरीपर्यंत गेलो. "बाई, मला माफ करा."

"मले कायले माफी मागतं?" त्या म्हणाल्या. "मले तं टालेवरच मालूम होतं. नंबरावर कापी तूच काढून देत होता गा. दुसरं कोण होतं?"

"मग बोलला का नाहीत तुम्ही?"

"काय बोलू? तू दिली हे मले मालूम होतं. कोणाले दिली हे तुह्याच डोळ्यानं पाह्यलं होतं. ते तुलेच सांगाचं होतं." त्यांचा आवाज चढला नाही. "नऊ वर्ष तुह्या बाजूले बसली मी, वामन. रोज वाटे, आज बोलंन."

पायऱ्या चार होत्या. मी हात पुढे केला. त्यांना तो दिसला नाही, की दिसला, मला सांगता येणार नाही. "शालू कुठी गेली?" त्यांनी विचारलं. शालिनी आली, तिने त्यांचा दंड धरला. उतरता उतरता बाई तिला म्हणत होत्या, "अजून कुठी असंल तो फोटो तं येईल वं. आला तं मले सांगजो. आपण पुन्हा येऊ." दोघी फाटकातून उन्हात गेल्या. त्यानंतर मी पराते बाईंना पाहिलं नाही. त्याच हिवाळ्यात त्या गेल्या, हे मला फार उशिरा कळलं.

मी पायरीवर तसाच उभा होतो. आतून फौजदाराने हाक मारली. जबाबावर माझी सही राहिली होती.